ठशातला डावा गाल

"पण माएस्त्रो, तुमची राणी आणि तुमची कुंटीण, दोघींचं तोंड एकच कसं?"

म्हातारा उस्ताद ओर्तून लाकडाची फळी घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"ठसा एकच आहे, म्हणून."

नुन्यो हसला. त्याला हे उत्तर ठाऊक होतं. त्याला उत्तर नकोच होतं, म्हाताऱ्याला टोचायचं होतं.

स्पेनमधलं, नदीच्या वळणावरचं एक शहर होतं. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी शहरं तेव्हा पुष्कळ होती. त्या देशात छापखाना येऊन चाळीसेक वर्षं झाली होती. ओर्तून त्या शहरातल्या छापखान्यासाठी गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं लाकडात कोरायचा. त्याच्या पेटीत वीतभर उंचीचे ठसे असत. एक राजा, एक राणी, एक सरदार, एक म्हातारी, एक झाड, एक बुरूज. गोष्टीत जे लागेल ते शेजारी शेजारी उभं करायचं, डोक्यावर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून नाव टाकायचं आणि छापायचं. परवाच्या पुस्तकातली विधवा आजच्या पुस्तकात राजकन्या होई. लोकांना ते चाले.

नुन्योला मात्र ते चालत नव्हतं. तो सव्वीस वर्षांचा होता आणि आठ वर्षं ओर्तूनच्या हाताखाली होता. त्याचा हात सोन्याचा होता. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि तीच पंचाईत होती.

"बाजारात लोक म्हणतात, ओर्तूनच्या पुस्तकांत सगळी एकाच आईची लेकरं."

"बरोबर म्हणतात."

"जिवंत चेहरा का नाही कोरत, माएस्त्रो?"

म्हाताऱ्याने फळीवरचा भुसा फुंकला.

"डोक्यावर नाव असतं ते शिशाचं. छापून झालं की खिळे काढून घेतात. मग ती बाई मोकळी होते... लाकडातलं तोंड कोण काढणार?"

"राहू दे की लाकडात! राहावं म्हणून तर कोरायचं."

ओर्तून पुन्हा फळी घासू लागला.

त्या कारखान्यात एकच मोठी खिडकी होती. कोरक्याला उजेड म्हणजे भाकरी. जो खिडकीपाशी बसेल तो मुख्य, बाकीचे आत अंधारात. तीस वर्षं तिथे ओर्तून बसत होता. आता त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, खिडकी असून नसल्यासारखी होती, तरी तो तिथेच बसे.

छापखान्याचा मालक एक नवं पुस्तक काढत होता. राजपुत्राला दुधातून विष देणाऱ्या एका म्हाताऱ्या दाईची गोष्ट. त्याने सगळ्यांदेखत नुन्योला सांगितलं होतं, "दाईचा ठसा तू कोर. बाजारात गाजला, तर खिडकी तुझी."

ओर्तूनने ते ऐकलं होतं.

*

नुन्योने नऊ दिवस कोरलं. दहाव्या दिवशी त्याने ठशाला शाई लावली, कागद दाबला, उचलला आणि म्हाताऱ्यापुढे धरला.

ओर्तूनने कागद बाजूला सारला. त्याने ठसा मागितला. डोळे गेल्यापासून तो बोटांनी बघत असे.

त्याची बोटं दाईच्या डोक्यावरच्या फडक्यावरून फिरली, कपाळावरून उतरली, खाली आलेल्या पापण्यांवरून गेली. गालावर थांबली. तिथे भाजल्याचा डाग होता, चिंचेच्या पानाएवढ्या बारीक रेघांचा.

म्हाताऱ्याने त्या रेघा पुन्हा चाचपल्या.

"ही कोण?"

"कुणी नाही. मनातली."

"मनातल्या बाईला डाग नसतो..."

नुन्यो बोटांवरची शाई पुसू लागला.

"तू जिला पाहिलंस, तिचा डाग कुठल्या गालावर आहे?"

"डाव्या."

"आणि कागदावर?"

नुन्योने कागद पाहिला. कागदावरच्या दाईचा डाग उजव्या गालावर होता.

ठशात जे डावं ते कागदावर उजवं. म्हणून चित्र आधी उलटं करून घ्यायचं आणि मग कोरायचं. हे शिकाऊ उमेदवाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. नुन्यो त्या चेहऱ्यात इतका बुडाला होता, की जसा दिसला तसाच कोरत गेला. आठ वर्षांचा कारागीर आणि चूक पहिल्या आठवड्याची! त्याचे कान लाल झाले.

"ती कोण, हे मी पुन्हा विचारत नाही," ओर्तून म्हणाला. "पण तोंड काढून टाक. तिथे भोक पाड, नव्या लाकडाची खुंटी ठोक. वर दोन डोळे मार आणि एक ओठ. पुरे."

"नाही."

"नुन्यो..."

"उलटा आला तर काय बिघडलं, माएस्त्रो? उलट बरंच झालं. आता ती कुणाचीच नाही."

"कुणाचीच नाही..." म्हातारा म्हणाला. जणू त्याने एखादं परक्या भाषेतलं वाक्य म्हणून पाहिलं.

रंधा त्याच्या हाताशी होता. एकदा फिरवला असता तर पुढचं काही घडलं नसतं. त्याने तो उचललासुद्धा. मग त्याची बोटं पुन्हा एकदा त्या गालावर गेली, आणि त्याने रंधा खाली ठेवला.

दुपारी मालक आला आणि ठसा घेऊन गेला.

*

पुस्तक गाजलं. पुस्तकापेक्षा चित्र गाजलं. मालकाने दाईचं पान सुटं छापून बाजारात विकलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही घेतलं, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच. खानावळीच्या दारावर ते चिकटलं, चर्चच्या पायऱ्यांशी चिकटलं. आया पोरांना म्हणू लागल्या, "दूध संपव, नाहीतर डागवाली येईल."

नुन्यो बाजारातून ताठ मानेने चालू लागला.

मग उन्हाळ्यात नदीकाठच्या आळीत पोरांना ताप आला. एका आठवड्यात तीन पोरं गेली.

त्या आळीत मेंसिया नावाची एक विधवा राहायची. लोकांचे कपडे धुवायची. कुणाचं मूल आजारी पडलं की न बोलावता जायची आणि जवाचं पाणी उकळून पाजायची. त्या तिन्ही पोरांना तिने ते पाजलं होतं. तिच्या उजव्या गालावर जन्मापासून एक डाग होता. पन्नास वर्षं तो डाग सगळ्यांनी पाहिला होता आणि कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता.

आता भरला. कुणीतरी खानावळीच्या दारावरचा कागद फाडून आणला आणि तिच्या तोंडाशी धरला.

*

"ती ती नाही, माएस्त्रो!"

नुन्यो धावत आला होता. त्याला दम लागला होता. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि ओर्तून त्यात डोळे मिटून बसला होता.

"मेंसियाला धरलंय. आज निवाडा आहे. मी त्या बाईला कधी पाहिलेलंसुद्धा नाही!"

"मला ठाऊक आहे," ओर्तून म्हणाला. "मी काल जाऊन आलो. म्हणालो, ठसा आमच्याकडे कोरलाय, त्या बाईवरून नाही. न्यायाधीश म्हणाले, आजोबा, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही घरी जा. ज्यानं कोरला त्याला पाठवा."

"मला?"

"तुला. जा, सांग."

नुन्यो गेला.

दुपारी परत आला तेव्हा तो धावत नव्हता. दारात उभा राहिला. त्याने टोपी हातात धरली होती आणि तिच्या कडा पिळत होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, ही बाई मी जन्मात पाहिली नाही. चेहरा माझ्या मनातला आहे."

"मग?"

"न्यायाधीशांनी कागद तिच्या गालाशी धरला. म्हणाले, हातच्या काकणाला आरसा कशाला? यानं हिला कधी पाहिलं नाही, आणि डाग मात्र जागच्या जागी कोरला. मग याचा हात कुणी धरला होता?"

म्हाताऱ्याने मान त्याच्याकडे वळवली.

"सगळे गुडघ्यांवर बसले, माएस्त्रो. म्हणाले, देवानं दाखवलं. मेलेल्या पोराच्या आईनं माझा हात ओठांना लावला. हा हात."

त्याने हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो हातात घेतला नाही.

"आणि मेंसिया?"

"तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, लेकरा, मी तुझं काय केलं होतं रे?"

बाहेर रस्त्यावरून माणसं चौकाकडे जात होती. त्यांच्या बोलण्याचा आवाज आत येत होता. कुणीतरी हसतही होतं.

"कधी मारणार?"

"संध्याकाळच्या घंटेला. चौकात."

"म्हणजे वेळ आहे," ओर्तून म्हणाला. "एक गोष्ट तू सांगितली नाहीस."

नुन्यो टोपीकडे बघत राहिला.

"ठशातला डाग डावा आहे, हे सांगितलं नाहीस. चित्र उलटं करायला चुकलो, हे सांगितलं नाहीस. कागदावरचा डाग देवाचा नाही, गाढव कारागिराचा आहे... हे ऐकलं तर त्यांना तिला सोडावं लागेल. चमत्कारावरच तर सगळं उभं आहे."

"सोडतील," नुन्यो म्हणाला. "आणि मग विचारतील, डावा गाल कुणाचा?"

"मनातला म्हण."

"आता कोण ऐकेल? मनातल्या बाईला डाग नसतो, हे तुम्हीच ओळखलंत. तेही ओळखतील. हातापायांना दोर आवळून विचारतील. आणि मी सांगेन, माएस्त्रो. मी स्वतःला ओळखतो. पहिल्याच पिळाला सांगेन."

म्हातारा उठला. भिंतीला टेकवलेली काठी त्याने चाचपून घेतली.

"मग मी जातो. मी सांगतो, चित्र उलटं आहे. मला ती कोण ते ठाऊकच नाही. माझ्याकडून काय काढणार?"

तो दारापाशी पोचला. न्यायाधीशाचं घर तिथून दोनशे पावलांवर होतं. आंधळ्यालाही सापडेल अशी सरळ वाट होती.

नुन्योने मागून त्याचा अंगरखा धरला.

"माएस्त्रो..."

"सोड."

"तुम्ही सांगितलंत तरी ते मलाच धरतील. माएस्त्रो, ती माझी आई आहे."

ओर्तून थांबला.

"दोन दिवसांच्या वाटेवर आमचं गाव आहे. तिथे गावच्या भट्टीत पाव भाजते. भट्टीच्या दारानं गाल भाजला, मी लहान असताना. दुसरा म्हातारा चेहरा मला पाठ नव्हता. मला काही वाईट करायचं नव्हतं... मला फक्त चांगलं कोरायचं होतं. आणि तिला एकटी राहते म्हणून शेजारणी आधीच चेटकीण म्हणतात."

म्हातारा दारात उभा होता. एक पाय उंबऱ्याबाहेर होता, एक आत.

मी ही गोष्ट जितक्यांदा सांगितली तितक्यांदा इथे मला ओर्तूनचा राग आला आहे. दोनशे पावलं होती! आणि त्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही, म्हणून राग आणखी वाढतो.

तो पाय त्याने आत घेतला. काठी भिंतीला लावली. चाचपत आला आणि आपल्या जागेवर बसला.

नुन्यो जमिनीवर बसला.

खिडकीतलं ऊन फळ्यांवरून सरकत भिंतीवर गेलं. एकदा नुन्यो उठून दारापर्यंत गेला. म्हाताऱ्याने पावलं ऐकली आणि मान वर केली. नुन्यो परत आला.

"अजून वेळ आहे," ओर्तून म्हणाला.

"हो..."

"तू गेलास तर मी अडवणार नाही."

"हो."

थोड्या वेळाने रस्ता रिकामा झाला. सगळे चौकात गेले होते. इतकी शांतता, की लाकूड खाणाऱ्या किड्यांचा आवाज यावा.

मग घंटा झाली.

चौकातून एक मोठा आवाज आला आणि थांबला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने ठसा परत पाठवला. त्याने तो मखमलीत गुंडाळला होता. आता तो साधा ठसा राहिला नव्हता, लोक त्याच्या पाया पडायला येतील असं मालक म्हणाला. आणि नुन्योला निरोप होता, की खिडकी त्याची.

नुन्यो आला तेव्हा ओर्तूनने आपलं स्टूल आधीच आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं होतं.

"बस तिथे," तो म्हणाला.

"मला नको ती जागा."

"हवी होती ना तुला? बस."

नुन्यो बसला. उजेड थेट त्याच्या तोंडावर आला. त्याने मखमल सोडली. ठशातून आई त्याच्याकडे बघत होती. तिचा डाग डाव्या गालावर होता.

ओर्तून चाचपत आला आणि त्याने ठशाशेजारी छापलेला कागद ठेवला. कागदातून मेंसिया बघत होती.

"माएस्त्रो, त्या दिवशी तुम्ही रंधा उचलला होता. का नाही फिरवला?"

म्हाताऱ्याने ठशावर बोट ठेवलं.

"सुंदर होतं तोंड. तीस वर्षांत माझ्या हातांखालून असं गेलं नव्हतं... माझाही जीव झाला नाही."

नुन्यो रडू लागला. मोठ्याने रडला, पोरासारखा. ओर्तूनने त्याला रडू दिलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"हा जाळून टाकू?"

"मालक दुसरा कोरून घेईल. तुझ्याकडूनच."

"मग तासतो. तोंड काढतो. दोन डोळे आणि एक ओठ."

"तास."

नुन्योने कोरणी घेतली. ती गालावर टेकवली, डागाच्या अगदी काठाशी. मनगटाला जोर द्यायचा बाकी होता, बस. त्याने श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. कोरणी तिथेच राहिली.

"होत नाही, माएस्त्रो..."

"का?"

"आई आहे."

ओर्तूनने कागद उचलला. तो कोरणीखाली सरकवला, ठशावर पालथा नाही, उताणा, म्हणजे मेंसियाचं तोंड वर येईल असा.

"आता?"

नुन्योने कागदाकडे पाहिलं. डाग, फडकं, खाली आलेल्या पापण्या. कोरणीचं टोक मेंसियाच्या गालावर होतं. त्याने कोरणी मागे घेतली आणि खाली ठेवली. बराच वेळ तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

"मग मी याचं काय करू?"

"समोर ठेव. रोज बघ."

"कुठवर?"

म्हातारा अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळला होता. तिथूनच म्हणाला,

"डावा गाल कुणाचा आणि उजवा कुणाचा, हे तुला सांगता येईनासं होईल... तोवर."